मजल्यांच्या हिशोबात बाईची सही

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलं की खिडकीतून इमारतींची उंची मोजत जाता येतं. पिंपरी-चिंचवडला मान वर करावी लागते. देहूरोडला छावणी आणि दारूगोळ्याचं कोठार आहे, तिथल्या ‘रेड झोन’मुळे मध्येच आकाश मोकळं होतं. तळेगावला पुन्हा मनोरे सुरू. वडगाव, कान्हे, कामशेत इथे दर पावसाळ्यानंतर एखादी नवी इमारत उभी राहिलेली दिसते. मळवलीला लोहगड आणि विसापूर अजून पूर्ण दिसतात, आणि लोणावळ्याला उतरलं की बंगले, झाडं आणि बहुतेक ठेंगण्या इमारती.

या पट्ट्यातल्या गावांमध्ये बायकांचे गट बांधण्याचं काम मी गेली काही वर्षं करते आहे. मागच्या पावसाळ्याआधी आमच्या एका बैठकीत एक निवेदन आलं. मावळचं निसर्गसौंदर्य वाचवा, उंच इमारतींना परवानगी देऊ नका, अशा मजकुराचं. आणणारी मंडळी सज्जन होती. बंगलेवाली होती, पण तळमळीची होती. महिला गटांच्या सह्या मिळाल्या तर वजन पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. बैठकीत लगेच दोन तट पडले. तळेगावच्या टॉवरमध्ये स्वैपाकाची कामं करणारी एक म्हणाली, “ताई, बिल्डिंग नको म्हणायचं तर आम्ही काम कुठं करायचं?” दुसरीची जमीन तीन वर्षांपूर्वी गेलेली. ती म्हणाली, “करा सह्या. आमचं तर सगळं उठलंच.” तिसरी, साठीची बाई, बराच वेळ गप्प होती. तिने विचारलं, “ही सही कशाची? मागच्या वेळी बी अशीच सही घेतली व्हती.”

या तिसरीच्या प्रश्नावर मला लिहायचं आहे. इमारत किती उंच असावी, हा प्रश्न आपल्या चळवळीत कधी ‘आपला’ म्हणून आलाच नाही. तो पर्यावरणवाल्यांचा, वास्तुविशारदांचा, फार तर नगरसेवकांचा. मी स्वतः समाजकार्यात एम.ए. केलं. शहरी वस्त्यांवर दोन पेपर लिहिले, पण चटईक्षेत्र निर्देशांक हा शब्द अभ्यासक्रमात भेटला नाही. तो भेटला वडगावला, दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर.

आधी नियमांचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. त्यातून काही ठिकाणं वगळली: मुंबई महानगरपालिका, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेले प्रदेश वगैरे. आणि या यादीत लोणावळा नगरपरिषदेचं नाव वेगळं लिहून घातलं. म्हणजे एकाच तालुक्यात दोन न्याय झाले. तळेगाव-वडगावकडे नव्या नियमावलीने जास्त बांधकामाची वाट मोकळी केली, लोणावळा त्या वाटेच्या बाहेर राहिलं. लोकलच्या खिडकीतून दिसणारी उतरंड नुसती निसर्गाने केलेली नाही. ती मंत्रालयात ठरलेली आहे.

चटईक्षेत्र निर्देशांक म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. निर्देशांक एक असेल तर त्या जमिनीवर हजार चौरस मीटर बांधता येतं, दोन असेल तर दोन हजार. जमीन तीच, माती तीच, विकायला मिळणारं घर दुप्पट. नव्या नियमावलीत हा आकडा समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर बराच अवलंबून आहे. त्यामुळे आराखड्यात एक रस्ता बारा मीटरचा अठरा मीटर झाला, की दोन्ही बाजूंच्या शेतांची किंमत रातोरात बदलते. ज्यांना नकाशा वाचता येतो त्यांना ही गोष्ट आधी कळते. गावातल्या पुरुषांना थोडी उशिरा कळते. बायकांना कळते ती थेट सहीच्या दिवशी.

उंचीवर मर्यादा घालणारे तसे पुष्कळ आहेत. कार्ले, भाजे, बेडसे इथल्या लेण्यांभोवती पुरातत्त्वाचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट. मुंबईत ‘आदर्श’ प्रकरण गाजल्यावर संरक्षण खात्याने २०११ साली लष्करी ठिकाणांजवळच्या बांधकामासाठी सूचना काढल्या, त्यात चार मजल्यांपेक्षा उंच इमारतींसाठी अंतर आणखी वाढवलं होतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत पंधरा मीटरपासून पुढची इमारत ‘उंच’ धरतात आणि तिथून आगीचे नियम कडक होतात. २०२५ साली लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, आता त्याच्या परिसराचीही चर्चा होईल. सैनिकाची काळजी, लेण्यांची काळजी, आगीची काळजी, देखाव्याची काळजी. सगळ्या रास्त आहेत. पण ज्या जमिनीवरून ही उंची मोजायची, ती जमीन घरात कोणाकोणाच्या नावावर आहे, याची चौकशी यातलं कोणतंच खातं करत नाही.

आता लोणावळ्याचं पाहू. निवेदन आणणाऱ्यांच्या मते लोणावळा हा आदर्श: ठेंगणी घरं, मोकळं आकाश. पण वर जाता येत नाही म्हटल्यावर गाव आडवं पसरतं. तुंगार्ली, कुसगाव, वरसोली, वाकसई, कार्ला, मळवली, पार पवनानगरपर्यंत बंगल्यांच्या योजना पसरल्या. एकेका बंगल्याला आवार, आवाराला भिंत, भिंतीला फाटक. लाकूडफाट्याला जायची पायवाट भिंतीत गेली, गुरांची वाट गेली, कातकरी वस्तीवरून झऱ्याकडे जायची वाट गेली. भिंत बारकी असो की मोठी, वळसा डोक्यावर हंडा असलेल्या बाईलाच पडतो. त्यातले कितीतरी बंगले सोमवार ते शुक्रवार बंद असतात.

आणि बंगला आला की राखणीला जोडपं येतं. ‘माळी पाहिजे, फॅमिलीवाला’ अशी मागणी असते. पगार माळ्याचा. बायको मात्र झाडलोट करते, शनिवारी पाहुणे आले की भाकऱ्या थापते, चादरी धुते, सोमवारी बाटल्या गोळा करते. तिचं नाव कुठल्याही वहीत नसतं. राहायला एक खोली मिळते ना, मग वेगळा पगार कशाचा, असं मालकीणबाईच सांगतात (मालकीणबाई पुण्या-मुंबईत स्वतः नोकरी करणाऱ्या असतात, हेही सांगायला हवं). नवरा मेला किंवा दारूपायी कामावरून गेला, तर खोली त्याच दिवशी रिकामी करायची. अशा दोन बायका गेल्या वर्षी आमच्याकडे आल्या. ठेंगण्या घरांच्या रम्य गावाची ही दुसरी बाजू आहे. त्यामुळे उंची कमी असली की न्याय आपोआप होतो, असं मला तरी म्हणता येत नाही.

तळेगावच्या बाजूला चित्र वेगळं, पण बाईच्या वाट्याला येणारं फारसं वेगळं नाही. टॉवरमध्ये कामाला जाणाऱ्यांना दारावर पिशवी उघडून दाखवावी लागते. काही ठिकाणी लिफ्ट वेगळी. ती बंद पडली तर अकराव्या मजल्यावर चढून जायचं आणि उशीर झाला म्हणून बोलणीही खायची. चार घरं करून पाच तास इमारतीत काढायचे आणि लघवीला जायला जागा नाही. तळमजल्यावर एखादं स्वच्छतागृह असतं, त्याला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे. पाणी न पिता काम करण्याची सवय झालेल्या बायका मला दर आठवड्याला भेटतात. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार बाईलाही लागू आहे आणि तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पण इमारत बांधताना नकाशात तिच्यासाठी काय आहे, हे विचारायचा प्रघातच नाही. पार्किंग किती, हे मात्र नियमात काटेकोर लिहिलेलं असतं.

तरी या सगळ्याहून मोठी गोष्ट घडते ती इमारत उभी राहण्याच्या आधी.

कामशेतच्या पुढच्या एका गावातल्या चौघी बहिणींचं सांगते. दोन भाऊ, चार बहिणी, वडील जाऊन बारा वर्षं झालेली. सातबारावर भावांबरोबर आई आणि चौघी बहिणींचीही नावं वारस म्हणून लागलेली होती, पण त्याकडे कोणी बघत नव्हतं, कारण तोवर ती भाताची खाचरं होती. रस्ता रुंद होणार असं कळलं, बिल्डर आला. त्याच्या वकिलाने सातबारा पाहिला आणि सांगितलं, सगळ्यांच्या सह्या लागतील. त्या दिवसापासून माहेराला चौघींची आठवण झाली. जावयांना जेवण झालं, साड्या झाल्या, आणि वडगावला जायची गाडी दारात आली. पुढे ठेवलेला कागद होता हक्कसोडपत्र. “दादाने सांगितलं, नुसता कागद आहे,” असं त्यातली थोरली मला म्हणाली.

हा नुसता कागद नाही, हे आपल्यापैकी अनेकजणी गावोगाव सांगत आल्या आहेत. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. पण त्या वर्षी २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, आणि वडील २००५ साली हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असा निकाल ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात दिला. म्हणजे कायद्याची लढाई जवळजवळ जिंकली आहे. १९९२ साली बायकोचं नाव सातबारावर लावण्याचं शासनाचं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक निघालं होतं, शेतकरी संघटनेच्या मोहिमेतून. तेव्हा जमिनीत बाईचं नाव येण्याने मोठं आर्थिक उलथापालथ होईल असं भावांना आणि नवऱ्यांना फारसं वाटत नव्हतं. आज त्याच जमिनीवर सात मजले चढणार असतात. मजले जितके जास्त, तितकी बहिणीच्या नावाची किंमत जास्त, आणि तितकीच ते नाव खोडायची घाई जास्त. उंचीच्या मर्यादेचा आणि बाईच्या हक्काचा संबंध तो हा.

एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहज परत घेता येत नाही. फसवून सही घेतली म्हणायचं तर दिवाणी दावा, वकील, तारखा, आणि भावाविरुद्ध साक्ष. कोण करतं? “भाऊ तोडायचा का जमिनीपायी?” हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याला माझ्याकडे ठरलेलं उत्तर उरलेलं नाही. नवऱ्याने टाकलं, सासऱ्याने हाकललं, तर जायचं कुठे, तर माहेरी. त्या दारासाठी बाई हजारो चौरस फूट सोडते. तिला व्यवहार कळत नाही, असं मुळीच नाही. तिचा व्यवहार वेगळा आहे: ती आसऱ्याचा हप्ता भरते आहे. आणि नंतर आसरा मागायला गेल्यावर काय होतं, हे आपण केसवर्कमध्ये पाहतोच.

चौघींपैकी तिघींनी सही केली. चौथी शिवणकाम करते, नवऱ्यापासून वेगळी राहते. तिने गाडीतून उतरायलाच नकार दिला. दोन महिने निरोप, मध्यस्थ, रडारड चालली. तिच्या सहीशिवाय बिल्डर पुढे जाईना, कारण पुढे बँकेचं कर्ज, ग्राहकांची कर्जं, सगळं स्वच्छ मालकीवर अवलंबून. शेवटी ती करारात ‘जमीनमालक’ म्हणून आली आणि मालकांच्या वाट्याला आलेल्या घरांतलं दुसऱ्या मजल्यावरचं एक तिच्या नावाने लिहिलं गेलं. धाकटा भाऊ तिच्याशी बोलत नाही. भाऊबिजेला ती गेली नाही. तिला याचं वाईट वाटतं, आणि ते घरही तिला हवं आहे. दोन्ही खरं आहे, आणि मोर्चाच्या भाषणात यातलं एकच सांगितलं जातं म्हणून इथे दोन्ही लिहिते आहे.

तिच्या गोष्टीतून आम्हाला कळलं ते असं, की बिल्डरला सही हवी असते त्या दोन-तीन महिन्यांत बाईच्या हातात जी ताकद असते, ती आधी नसते आणि नंतर तर नसतेच. विकसन करारात बाईला बहुतेकदा ‘मान्यता देणार’ म्हणून घालतात. म्हणजे तिची हरकत नाही एवढंच. मोबदल्याच्या कलमात तिचं नाव नसतं. त्याच बैठकीत कुलमुखत्यारपत्रही करून घेतात, की पुढे कधी तिला विचारायला नको. ‘मान्यता देणार’ की ‘जमीनमालक’, या दोन शब्दांत एक अख्खं घर असतं. आईचं तर याहून वाईट. ती विधवा म्हणून वारस असते, पण तिची सही अंगठ्याने होते आणि ती वाचून दाखवायची तसदी कोणी घेत नाही. बैठकीतल्या त्या साठीच्या बाईची ‘मागची सही’ अशीच होती, हे नंतर कळलं.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर स्वतंत्र लेख हवा. पवनेचं पाणी खाली पिंपरी-चिंचवडच्या इमारतींना जातं. ते बंद नळातून नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती महामार्गावर शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघं गेली. त्यात एक बाई होती. उंची वाढवण्याचे निर्णय घेणाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर पाणी कुठून चढणार, हे मावळात तरी विसरू नये.

जगात हा वाद कसा चालतो, हेही पाहण्यासारखं आहे. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराने १९८९ साली डोंगर दिसत राहावेत म्हणून ठराविक जागांवरून दिसणारी दृश्यं नियमाने राखली, त्यांच्या आड येईल इतकं उंच बांधायचं नाही. २०२४ साली घरांची टंचाई आहे म्हणून त्याच शहराने ते नियम बरेच सैल केले. एकीकडे सर्वांचा डोंगर, दुसरीकडे राहायला घर. तिथे हा खराखुरा पेच आहे. आपल्याकडे मात्र घरांच्या टंचाईचं कारण सांगून बांधलेल्या इमारतीत सुट्टीची घरं आणि गुंतवणुकीची घरं किती, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आणि आपल्या डोंगराचं ‘दृश्य’ कुठून पाहायचं, हेही. बंगल्याच्या व्हरांड्यातून लोहगड दिसणं निराळं आणि खाचरात वाकून आवण लावताना तो पाठीशी असणं निराळं. निवेदनात पहिला लोहगड होता.

मग सही करायची की नाही? आमच्या गटाने जशीच्या तशी केली नाही. मजकुरात भर घाला, मग करतो, असं सांगितलं. डोंगरउतारावर आणि पाणलोटात उंच काय, ठेंगणंही बांधू नका, यावर एकमत होतं. माळीण २०१४ साली गाडलं गेलं, इर्शाळवाडी २०२३ साली, हे कोणाला नव्याने सांगायला नको होतं. पण त्याबरोबर बंद बंगल्यांसाठी वाटा अडवणं थांबवा, जिथे जास्त मजल्यांना परवानगी द्याल तिथे कामगार बायकांसाठी उघडं स्वच्छतागृह असल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका, आणि जिथे वाढीव चटईक्षेत्र वापरलं जातं तिथे सातबारावरच्या प्रत्येक बाईचा मोबदला करारात तिच्या नावाने लिहा, अशा मागण्या आम्ही सुचवल्या. पहिली मागणी त्यांना पटली. भिंतींच्या मागणीवर चेहरे उतरले. शेवटच्या मागणीला ‘हा विषय वेगळा आहे’ असं उत्तर मिळालं. निवेदन आमच्या सह्यांशिवाय गेलं. मला याचा पश्चात्ताप नाही, पण काही मैत्रिणींना वाटतं की आपण एक जोडलेला धागा तोडला. त्यांनी जरूर लिहावं.

दुसरी एक गोष्ट आहे, कंटाळवाणी पण गरजेची. नगररचनेच्या कायद्यात प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. पुणे महानगर प्रदेशाच्या आराखड्याचं प्रारूप २०२१ साली आलं, त्यावर साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, आणि २०२५ साली शासनाने तो आराखडाच रद्द करायचं ठरवलं. म्हणजे नवा येईल तेव्हा पुन्हा नोटीस निघेल, पुन्हा नकाशा कुठल्या तरी भिंतीवर लागेल. तेव्हा आपल्या बायकांना त्यावरचं आपलं शेत ओळखता यायला हवं. आम्ही दर ग्रामसभेआधीच्या महिला सभेत आता गावनकाशा जमिनीवर पसरून बसतो. पहिल्यांदा सगळ्या देऊळ शोधतात, मग विहीर, मग स्वतःचा बांध. रस्त्याची रुंदी कुठे लिहिलेली असते, हे दुसऱ्या बैठकीपर्यंत सगळ्यांना समजलेलं असतं.

विकसन करारात बाईला ‘जमीनमालक’ म्हणून घालण्याचा, तिच्या घराचा मजला आणि क्षेत्रफळ स्पष्ट लिहिण्याचा आणि कराराचा मराठी मसुदा सहीच्या किमान पंधरा दिवस आधी तिच्या हातात देण्याचा एक नमुना आम्ही वकील मैत्रिणींच्या मदतीने तयार करतो आहोत. त्यासाठी प्रत्यक्ष झालेले करार वाचायला हवेत. मुळशी, हवेली, खेड, पनवेल, कर्जत इथल्या गटांकडे असे कागद नक्की असतील. नावं आणि गट नंबर खोडून त्यांच्या नकला अंकाच्या पत्त्यावर पाठवा. हक्कसोडपत्राच्याही चालतील. त्यावर सही करताना त्या बाईला काय सांगितलं गेलं होतं, ते तिच्याच शब्दांत मागच्या बाजूला लिहून पाठवलंत तर जास्त उपयोग होईल.